भागोजी भुवडांचा उजवा कान

"वाजवून बघ, मग बोल," असं भागोजी भुवड सदानकदा म्हणायचे. बाजारात फणस घेताना म्हणायचे, भाऊबंदांच्या भांडणात म्हणायचे, मुलगी बघायला निघालेल्या माणसालाही म्हणायचे, आणि मग ओटीवरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. पण त्यांना ते शोभत होतं. एसटीच्या वर्कशॉपात त्यांनी एकतीस वर्षं मेकॅनिकची नोकरी केली होती. गाडी बिघडून आली की हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक धडधडत्या इंजिनावर टेकवायचे, मूठ उजव्या कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला साहेब असो की ड्रायव्हर, कुणाशी बोलायचे नाहीत. मग डोळे उघडून म्हणायचे, "तिसऱ्याचा वॉल्व." इंजिन उघडलं की तिसऱ्याचाच निघायचा.

दीपालीनं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते जूनमधल्या एका मंगळवारी, जिन्यात.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला एका गादीवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. तिथं गुरुप्रसादची 'उधाण म्युझिक' नावाची कंपनी. कंपनी म्हणायची ती कागदावर. माणसं दोन, गुरुप्रसाद आणि दीपाली. गावोगावची जाखडी, नमन, भजनं मंडळांकडून घ्यायची आणि फोनवर गाणी ऐकवणाऱ्या मोठमोठ्या ॲपांकडे पोचवायची, हा धंदा. त्यामुळं बोटीवर नोकरीला असलेला गुहागरचा माणूस भर समुद्रात आपल्या वाडीची गवळण ऐकू शकायचा. गुरुप्रसाद पूर्वी कॅसेट विकायचा. कॅसेट गेली तशी त्यानं सीडी विकली, सीडी गेली तशी मेमरी कार्डं भरून दिली, आणि कार्डं गेल्यावर हे सुरू केलं. तीन वेळा धंद्याचं कूळ बदललं, पण गाणी तीच ठेवली, असं तो छाती काढून सांगायचा.

यंदा मात्र त्याची छाती आत गेली होती. ॲपांचं आपसात पटेना. एक म्हणालं, जुन्या फळीवर आहे ते राहू दे, पण नव्या फळीवर गाळलेलं गाणं चालणार नाही, अख्खं द्या. दुसऱ्यानं अख्ख्या गाण्याची स्वतःची निराळीच जात ठरवली. तिसऱ्यानं कळवलं की गाणं नुसतं समोरून नको, माणसाच्या चहूबाजूंनी वाजलं पाहिजे, आणि त्याचा साचा आणखी वेगळा. "एक नवरी आणि तीन मांडव," गुरुप्रसाद म्हणायचा, "आणि प्रत्येक मांडवात साडी वेगळी."

गाळलेलं म्हणजे एमपीथ्री. गाण्यातलं जे जे कानाला सहसा कळत नाही ते काढून टाकायचं, म्हणजे फाईल लहान होते आणि एका कार्डात दोन हजार गाणी मावतात. इतकी वर्षं सगळं कोकण तेच ऐकत आलं होतं. आता अख्खं गाणं मागितल्यावर मंडळांनी काय केलं, तर तीच गाळलेली फाईल घेतली, संगणकात घालून फुगवली आणि अख्ख्याचं नाव देऊन पाठवली. ॲपाच्या यंत्राला संशय यायचा. पण यंत्राचंही एक अडाणीपण होतं. जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं खरंखुरं गाणंही त्याला फुगवलेलंच वाटायचं, कारण कॅसेटमध्ये फार वरचे सूर मुळातच नसतात. मग ॲप विचारायचं, हे खरं आहे का, सही करून सांगा. सही दीपालीची. दोनदा तिची सही खोटी ठरली होती. तिसऱ्यांदा ठरली तर नव्वद गावांची अकराशे गाणी एका दिवसात खाली उतरवू, असं पत्र तिच्या टेबलावर काचेखाली होतं.

त्या मंगळवारी जिन्यात छत्री आपटल्याचा आवाज आला, आणि गादीवाल्याला कुणीतरी सांगत होतं, "तू नको सांगूस मना चांगली कंपनी हाय म्हनून. वाजवून बघ, मग बोल."

वर आलेला माणूस एकोणसत्तर वर्षांचा, सडपातळ, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. त्यानं छत्री कोपऱ्यात उभी केली, चपला दाराबाहेर जोडीनं ठेवल्या, आणि उभ्यानंच म्हणाला, "रामाचं गाणं नासवलंत तुमी."

"कुठल्या रामाचं, काका?"

"शाहीर रामाचं. हातखंब्याच्या पलीकडचे आमी. नदीचं गाणं. 'कुठं निघालीस गो बाय नदी, पदर खोचून घाईत.' त्याच्या नातीच्या फोनात ऐकलं. ज्ञानेश्वरीच्या. त्यात झांज माजी हाय. माजी झांज कुठं गेली सांगा. चुलीवर ओली लाकडं घातल्यागत नुसतं चुरचुरतंय."

दीपालीनं यादीत बघितलं. गाणं दोन वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरीनंच फोनवरून पाठवलं होतं. "आम्ही जसं आलं तसंच पुढं पाठवलं, काका. काही काढलं नाही, घातलं नाही."

"फोनातनं फोनात जाऊन बिघडलं असंल. माज्याकडं मूळ कार्ड हाय." त्यांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. खिशात चुन्याची चपटी डबी होती. चुना कधीच सोडलेला, आता डबीत कापूस आणि कापसात नखाएवढं मेमरी कार्ड.

"मग द्या ना. आत्ता लावून बघू."

हात डबीपर्यंत गेला आणि परत आला. "आज नाय. मासा कुनाच्या चुलीवर ठेवायचा ती चूल आधी बघावी. तुमचं यंत्र कसं वाजतं ते ऐकव."

दीपालीला हसू आलं, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती. तिनं हेडफोन दिला. त्यांनी तो डोक्याला लावलाच नाही. एक वाटी हातात धरून उजव्या कानाला टेकवली, स्क्रू ड्रायव्हरची मूठ धरावी तशी, आणि डोळे मिटले.

"दोन्ही कानांना लावायचा असतो, काका."

"एका कानानं ऐकायचं. दुसरा मानसांवर लक्ष ठेवायला."

त्या दिवशी यंत्रानं संशय घेतलेली दोन गाणी तिच्यासमोर पडली होती. तिनं ती एकापाठोपाठ लावली. पहिलं गाणं झाल्यावर भागोजी म्हणाले, "दूध." दुसरं अर्ध्यावर असतानाच त्यांनी वाटी खाली ठेवली. "ह्यात पानी घातलंय."

पहिलं गाणं दीपालीनं स्वतः कॅसेटवरून उतरवलेलं होतं. ते तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

"कशावरून म्हणता?"

"पयल्यात मागं खरखर हाय, पन ती एकसारखी हाय. लांबून समुद्र ऐकू येतो तशी. ती टेपची. दुसऱ्यात बघ, झांजेचा ठोका पडायच्या आधीच ठोक्याची धूळ उडतेय. एसटी सुरू व्हायच्या आधी धूर कसा निघंल, गो बाय?"

दीपालीनं ते गाणं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. चौथ्यांदा तिला ती धूळ ऐकू आली. ठोक्याच्या केसभर आधी, उडी मारण्यापूर्वी कुणी श्वास घ्यावा तशी. एकदा ऐकू आल्यावर मग ती ऐकू न येणं अवघड झालं.

गुरुप्रसाद आतल्या खोलीतून हे सगळं बघत होता. माणूस ओळखण्यात तो मागं नव्हता. तो चहा घेऊनच बाहेर आला. आठवड्यातून दोन दिवस या, मंगळवार आणि शुक्रवार, गाणी ऐका आणि नुसतं दूध की पाणी तेवढं सांगा, असं त्यानं विनवलं. मानधनाचं बोलणं निघालं तसे भागोजी उठलेच.

"मना पेन्शन हाय. गनपतीच्या आधी रामाचं गानं त्या नव्या फळीवर चढवा. अख्खं. झांज झांजेसारखी वाजली पायजे. मना एवढंच हवं."

"कार्ड आणलंत की चढवू," दीपाली म्हणाली.

"आनतो," ते म्हणाले, आणि जोडीनं ठेवलेल्या चपला घालून गेले.

जाखडी ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. त्यात गाणारा, मृदंगवाला आणि झांजवाला मधोमध बसतात. नाचणारे त्यांच्याभोवती गोल फिरतात, प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांची चाळ बांधलेली. त्यामुळं मध्ये बसलेल्या माणसाला चाळ कधी समोर ऐकू येते, कधी पाठीशी. रामा आणि भागोजी चाळीस वर्षं त्या गोलाच्या मध्ये मांडीला मांडी लावून बसले. रामा गायचा आणि भागोजी झांज वाजवायचे. रामाची तान लांबली की भागोजींनी ठोका रोखून धरायचा, आणि रामानं मान हलवली की सोडायचा. त्या रोखण्याला आणि सोडण्याला लोक वाहवा द्यायचे. रामा जाऊन तेरा वर्षं झाली होती. त्यानंतर भागोजींनी झांज खुंटीला टांगली. ज्ञानेश्वरीनं गावातल्या मुलींचं मंडळ काढलं, आजोबाचीच गाणी बसवली, आणि "आबा, झांजेला तुम्ही बसा" म्हणून तीन वर्षं त्यांच्या ओटीवर येत राहिली. ते तिला म्हणायचे, "रामाच्या गाण्याला रामाचा गळा पायजे. तुजं तू कर."

पावसाळाभर भागोजी मंगळवारी आणि शुक्रवारी सव्वादहाच्या गाडीनं येत राहिले. यायचे, टोपी खुंटीला लावायचे, हात धुवायचे आणि मग वाटी कानाला. एका बैठकीला वीस गाणी. दीपाली कागदावर लिहायची, दूध, पाणी, पाणी, दूध. हळूहळू तीही आधी मनात म्हणायला लागली आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. सुरुवातीला दहात चार जुळायची. जुलै संपता संपता दहात आठ जुळू लागली.

भांडणंही झाली. बुरोंडीच्या एका भजनी मंडळाचे धोंडू नावाचे अध्यक्ष फाईल परत आली म्हणून स्वतः गाडी करून आले. त्यांनी फोन पुढं नाचवला. "ओ बाई, फाईल बघा केवढी आहे. चाळीस एमबी. आधी तीनच एमबी होती. आमच्या भाच्यानं रात्र जागून मोठी केली, आणि तुम्ही लहान म्हणता?"

भागोजींनी वाटी खाली न ठेवताच विचारलं, "अध्यक्ष, तुमी लग्नात फेटा बांधला व्हता?"

"बांधला होता की."

"मग उंची वाढली?"

धोंडू अध्यक्ष बिथरले. "हे कोण? हे कोण बोलणारे?"

"मी झांजवाला," भागोजी म्हणाले. "तुमच्या भजनात टाळ चांगला वाजवलाय. कोन हाय टाळाला?"

"मीच आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"मग तुमाला कळायला पायजे. ऐका." त्यांनी दुसरी वाटी अध्यक्षांच्या कानाला लावली. दोघं म्हातारे एका हेडफोनच्या दोन वाट्या धरून, डोकी जवळ आणून, मिनिटभर ऐकत बसले. अध्यक्षांनी मग फोन खिशात घातला आणि "घरी कॅसेट असेल, शोधतो" म्हणाले. आठ दिवसांनी खरोखरच कॅसेट आली. ती दूध निघाली.

भाद्रपद जवळ आला तशी दीपालीच्या टेबलावरची यादी भरत गेली. साडेतीनशे गाणी खरी ठरून वर चढली. तिची सही एकदाही खोटी पडली नाही. फक्त रामाच्या गाण्यासमोरची जागा रिकामी होती. "काका, कार्ड?" ती दर शुक्रवारी विचारायची. पहिल्यांदा त्यांनी विसरलो म्हणून सांगितलं, नंतर डबी घरी राहिली म्हणाले, नंतर पाऊस आहे, भिजेल. पण डबी खिशातच असायची. सदरा पातळ होता, दीपालीला ती दिसायची. आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. जूनमध्ये ते कार्डाचं नाव काढायचे तेव्हा आवाजात जरब असायची. आता नाव निघालं की ते खिडकीबाहेर बघायचे.

ॲपांची गणपतीतल्या गाण्यांची यादी शुक्रवारी दुपारी बंद व्हायची होती. त्या आठवड्यातल्या मंगळवारी भागोजी आले, टोपी लावली, हात धुतले, आणि कुणी न विचारता डबी टेबलावर ठेवून उघडली.

"लाव," म्हणाले.

दीपालीनं कार्ड यंत्रात घातलं. त्यात दोन हजार तीनशे गाणी होती, कुठली कुठली, आणि त्यात एक 'रामा शाहीर नदी'. गुरुप्रसादही येऊन उभा राहिला. भागोजींनी वाटी कानाला लावली. दीपालीनं दुसरी वाटी आपल्या कानाला लावली.

रामाचा आवाज आला. तो आवाज कसा होता ते लिहून सांगता येणार नाही. गाळून, चेपून, तेरा वर्षं नखाएवढ्या तुकड्यात राहूनही त्यात नदीच्या पाण्याची ओढ होती. मग पहिली तान लांबली. भागोजींनी रोखून धरलेला ठोका आता सुटणार. आणि ठोक्याच्या आधी, केसभर आधी, धूळ उडाली.

तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. गाणं सहा मिनिटांचं होतं. पाण्याखाली झांज वाजवावी तशी ती सहा मिनिटं वाजत राहिली, आणि भागोजींनी एकदाही डोळे उघडले नाहीत.

गाणं संपलं. गुरुप्रसाद म्हणाला, "काका, मी सांगतो तसं करू. हे मुळात टेपवरचंच गाणं आहे ना? मग खोटं काय त्यात? यंत्राला असाही फरक कळत नाही. तुम्ही दूध म्हणा, दीपाली सही करेल. रामा शाहीर यादीत पहिला. गणपतीत सगळं कोकण ऐकेल."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्यालाही तो आवाज लागला होता. दीपालीचे हात टेबलावरच राहिले. काचेखालचं पत्र तिला दिसत होतं, आणि तरीही त्या घटकेला भागोजींनी दूध म्हणावं असं तिला वाटलं. ते म्हणाले असते तर तिनं सही केली असती.

भागोजींनी वाटी खाली ठेवली. "पानी," म्हणाले.

मग ते आपल्या हातांकडे बघत बोलू लागले, त्या हातांशीच बोलल्यासारखे.

"कॅसेट व्हती. देवळात भरली व्हती, मुंबयवाल्यांच्या टेपवर. रामा गेला तेवा मी ती स्टँडावरच्या दुकानात घेऊन गेलो. कार्डात घाला म्हटलं. त्या मानसानं घातली, आपल्या मोबाइलातबी ठेवली, नाव दाखवलं, रामा शाहीर नदी. नाव वाचलं, पैसे दिले, आलो. लावून नाय बघितलं. दुखवट्यात गाणं कुठं लावायचं. दहाव्याला नदीवर गेलो. त्याची पोरपनातली चाळ सोडली, रुमाल सोडला, आनि कॅसेट सोडली. म्हटलं त्याचा आवाज त्याला जाऊ दे. आपल्याकडं कार्डात हाय की. मागनं लावायला जीव झाला नाय. जल्मभर लोकांना सांगत आलो वाजवून बघ. एकदा मी नाय बघितलं, तर ते हे."

"तुम्हाला कधी कळलं, काका?" दीपालीनं हळू विचारलं.

"हितं यायला लागलो त्याच्या तिसऱ्या आठवड्यात संशय आला. दुसऱ्यांच्या गाण्यात पानी कळायला लागलं तसं. म्हनून डबी उघडत नव्हतो."

गुरुप्रसाद आत गेला आणि भांडी उगाच वाजवत चहा करू लागला. दीपालीनं कागद ओढला. रामाच्या नावासमोर तिनं 'पाणी' असं लिहिलं नाही. तिनं लिहिलं, 'गाळलेलं, मूळ टेप उरलेली नाही, मिळालं तसं ठेवावं.' ॲपांच्या जुन्या फळीवर अशी गाणी अजून चालत होती, तिथं ते राहणारच होतं, आणि निदान फोनातून फोनात फिरलेल्या गाण्याच्या जागी कार्डातलं जरा बरं तरी चढणार होतं. एवढं तिनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आणि काका," ती म्हणाली, "गाणं नदीत गेलं नाही. गाण्याचा एक आवाज गेला. ठोका कुठं रोखायचा ते तुमच्या हातात आहे अजून. ज्ञानेश्वरी तीन वर्षं तुमच्या ओटीवर येते म्हणालात. तिला तुम्ही कधी ऐकलंत?"

"नाय."

"एकदाही नाही?"

"सांगितलं ना नाय."

जे वाक्य दीपालीच्या ओठावर आलं होतं ते ती त्यांना उलटून बोलली नाही. पण खोलीत ते दोघांनाही ऐकू आलं असावं, कारण भागोजी चटकन उठले आणि टोपी घालता घालता म्हणाले, "तुजा तो गोल आवाजाचा साचा काय असतो, त्याला काय काय लागतं?"

"चार माइक. आणि वाजवणारी माणसं."

"परवा या. देवळात."

गुरुवारी दुपारी गुरुप्रसाद आणि दीपाली चार माइक घेऊन हातखंब्याच्या पलीकडं गेले. देवळाच्या सभामंडपात नऊ मुली चाळ बांधून उभ्या होत्या. ज्ञानेश्वरी बावीस वर्षांची, आवाज आजोबापेक्षा वरच्या पट्टीतला, पण नदीची तीच ओढ. गुरुप्रसादनं चार माइक समोर ओळीनं लावले, कार्यक्रमाला लावतात तसे, आणि मंडळाला रांगेत उभं राहायला सांगितलं.

"ओ गुरुप्रसाद," भागोजी खांबाशी बसून झांजेची दोरी आवळत होते, "देवळात आलाव, नाटकाला नाय. माइक मधी आना. माज्या न् तिच्या मधी. चार दिशेला चार तोंडं करा आनि पोरींना भोवती फिरू दे."

"मध्ये आवाज एकमेकांत मिसळेल, आबा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"तुजा आजा मिसळत व्हता?"

ती हसली. "मला काय ठाऊक. मी नऊ वर्षांची होते."

"मग बस गप. मी सांगतो."

माइक मध्ये आले. ज्ञानेश्वरी आणि भागोजी मांडीला मांडी लावून बसले, शेजारी मंडळातली मृदंगवाली. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, कारण तिची तान आजोबाइतकी लांबत नव्हती आणि भागोजी ठोका त्याच जुन्या जागेवर धरून बसायचे. ती पुढं निघून जायची, ठोका मागं राहायचा. दुसऱ्या खेपेनंतर भागोजींनी झांज मांडीवर ठेवली. "तुजी तान कुठं संपते ते परत म्हन," म्हणाले. तिनं म्हटली. परत म्हटली. त्यांनी डोळे मिटून उजवा कान तिच्याकडं केला होता. तिसऱ्या खेपेला ठोका नव्या जागी सुटला आणि फिरणाऱ्या पोरींची पावलं एकदम हलकी झाली. गाणं संपल्यावर बाहेर पायरीवर बसलेली म्हातारी माणसं नुसती "हां" म्हणाली.

शुक्रवारी सकाळी गाणं तिन्ही साच्यांत तयार झालं. एक अख्खं, एक दुसऱ्या जातीचं अख्खं, एक गोल. सव्वादहाच्या गाडीनं भागोजी आले. टोपी लावली, हात धुतले, वाटी उचलली.

"आज दोन्ही कानांना लावा, काका. त्याशिवाय कळणार नाही."

त्यांनी तिच्याकडं संशयानं बघितलं आणि मग हेडफोन डोक्यावर चढवला. तो त्यांच्या टोपीविना डोक्यावर जरा मोठाच दिसत होता. दीपालीनं गाणं सुरू केलं.

सुरुवातीला ते इंजिन तपासावं तसे बसले होते. ज्ञानेश्वरीचा आवाज समोरून आला असणार. मग मृदंग लागला, नऊ पायांतली चाळ डावीकडून निघाली, पाठीमागं गेली, आणि भागोजींनी चटकन मान वळवून मागं बघितलं. मागं कपाट होतं. ते पुन्हा समोर वळले. चाळ परत फिरून आली आणि परत मागं गेली, आणि या खेपेला त्यांनी मागं बघितलं नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर उचलला गेला, तान लांबेपर्यंत तसाच अधांतरी राहिला, आणि तान संपली तसा खाली आला. ठोक्याच्या आधी काहीच उडालं नाही.

गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला.

"दूध?" दीपालीनं विचारलं. आज ती आधी मनात म्हणून मोकळी झाली होती.

"तू सांग."

"दूध."

"मग मना कशाला विचारतेस," ते म्हणाले. "रामा नाय हा. पन लबाडीही नाय ह्यात. पाठव."

तिनं सही केली. दुपारची वेळ संपायला अजून दोन तास होते. भागोजींनी चुन्याची डबी खिशातून काढून तिच्यापुढं ठेवली. "हे सांभाळ. दहा ठिकानी ठेव, पायजे तर. फक्त नदीत सोडू नको."

"मंगळवारी येता ना?"

"आता मंगळवारी काय? तुजा कान तयार झाला. पोरी गनपतीत सात गावं घेतायत, माजी तालीम हाय." त्यांनी टोपी घातली, कोपऱ्यातली छत्री घेतली, दारात जोडीनं ठेवलेल्या चपला घातल्या. जिन्यात गादीवाल्याला काहीतरी बोलले, आणि गादीवाला मोठ्यानं हसला.

दीपाली सज्जात येऊन उभी राहिली. खाली उघडीप होती. भागोजी भुवड छत्री न उघडता रस्त्याच्या कडेनं स्टँडकडं चालले होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, त्यांना गाडी गाठायची होती. एसटी वळणावर खाकरली तशी त्यांनी चालता चालता मान किंचित कलती केली, इंजिन ऐकलं, आणि पुढं निघाले. उजवं पाऊल डाव्यापेक्षा जरा जोरात पडत होतं, पायात चाळ असल्यासारखं. पिंपळाच्या वळणापर्यंत ते तिला दिसत होते. दिसेनासे झाल्यावरही ती ते पाऊल थोडा वेळ ऐकत राहिली.